पितळी मायक्रोस्कोप: ड्रम घ्यावा की नालपायाचा?

जुना पितळी मायक्रोस्कोप घ्यायचा म्हटलं की परवडणाऱ्या दरात प्रामुख्यानं दोन घाट समोर येतात. दिसायला ड्रम जास्त देखणा, पण नुसत्या देखणेपणावर जाऊ नका.

ड्रम म्हणजे उभं नळकांडं. खालच्या डब्याला पुढून खिडकी, आत हलता आरसा, वर काचपट्टी ठेवायचं छोटंसं स्टेज. १७३८ च्या सुमारास इंग्लंडच्या बेंजामिन मार्टिननं हा घाट आणला, आणि पुढं शंभरेक वर्षं तो स्वस्तातला मायक्रोस्कोप म्हणून खपला. साध्या नगात नळी चाकीनं हलवणारी दातेरी पट्टीच नसते. नळी हातानं पिळत खालीवर करायची. ती तिरकीही होत नाही, त्यामुळं मान अवघडते.

नालपायाचा घाट एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ओबरहॉयझरकडून आला. पुढं झाइस, लाइट्झ या जर्मन कंपन्यांनी तोच उचलला. घोड्याच्या नालेसारखा जड पाय, आरशाची एक बाजू सपाट, दुसरी खोलगट. मोठी चाकी नळी झरझर हलवते, तर खांबाच्या डोक्यावरची बारीक चाकी ती केसभर सरकवते.

खरा फरक भिंगांत आहे. इंग्लंडच्या जोसेफ जॅक्सन लिस्टरचं भिंगांवरचं संशोधन १८३० मध्ये छापून आलं आणि रंगांची झालर न दाखवणारी जोडभिंगं नीट बनू लागली. सोलापुरी चादरीचा एक तंतू काचपट्टीवर ठेवून बघा. चांगल्या नालपायात कापसाचा तंतू चपटा, पीळ पडलेल्या फितीसारखा स्वच्छ दिसतो. जुन्या साध्या ड्रममध्ये त्याच्या कडेला निळी-तांबडी किनार येते.

शिवाय भिंग खराब निघालं तरी नालपायाचं निभतं. लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीनं १८५८ मध्ये ठरवलेले आटे असतील, तर आजच्या कॉलेजातल्या मायक्रोस्कोपचं ऑब्जेक्टिव्हही (नळीच्या खालच्या टोकाचं भिंग) त्यात बसतं. ड्रमची बटणांसारखी भिंगं हरवली, की संपलंच.

म्हणून सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाचं पाणी बघायचं असेल तर नालपाया. शोकेससाठी खुशाल ड्रम. घेताना बारीक चाकी उलटसुलट फिरवा: नळी लगेच हलली पाहिजे, आधी रिकामा फेरा नको. भिंगाच्या आत इंद्रधनुषी चट्टे दिसले तर चिकटवलेल्या भिंगांचा जोड सुटलाय. आपल्या कोरड्या हवेत बुरशीची धास्ती कोकणापेक्षा कमी, पण तपासा. चकचकीत, एकही ओरखडा नसलेला 'अँटिक' नग मात्र बहुधा शोभेसाठी केलेली नवी नक्कल असते. आणि घरी आणल्यावर चिंचेनं घासू नका. लाखेचा मूळ सोनेरी थर गेला की किंमत उतरलीच म्हणून समजा.