चाळणीचे बूट: आठ महिन्यांनंतर

सोल सुटला तो देवगिरी किल्ल्यावर नाही, अंतूरच्या किल्ल्यावरही नाही. परभणीच्या बसस्थानकात, सपाट फलाटावर. मार्चचा शेवट होता, ऊन नुसतं फणफणत होतं. बसकडे चार पावलं पळाले आणि उजव्या बुटानं पुढून आ वासला. भटकंतीचे २,८०० रुपयांचे जाळीचे बूट, गेल्या ऑगस्टमध्ये घेतलेले. वॉरंटी ६ महिन्यांची, म्हणजे संपून महिना उलटलेला. दुकानदाराला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "बूट उन्हात ठेवले असतील, त्यानं गोंद सुटतो." अहो, मराठवाड्यात बूट ठेवायचे कुठे? मार्चमध्ये सावलीतल्या भिंतीलासुद्धा हात लावता येत नाही. तीन फोन केले, दोनदा वाद घातला, शेवटी नाद सोडला.

पण माझी खरी तक्रार सोलची नाही. सोल शिवता येतो. तक्रार आहे जाळीची.

उन्हाळी भटकंतीला जाळीचे बूट घ्या, पायाला वारा लागतो, असं जो तो सांगतो. मीही तेवढंच ऐकून घेतले. वडिलांचं शेत जिंतूरकडं आहे. त्यांनी बूट हातात घेतले, जाळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कामून घेतले गं माय असले चाळणीचे बूट? रान कुसळानं भरलंय." मी मनावर घेतलं नाही.

ऑक्टोबरमध्ये मी आणि नणंदबाई पाच दिवस निघालो. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे असं निघणं परवडतं. देवगिरी, वेरूळ, कन्नडला मुक्काम, पितळखोऱ्याची लेणी, अंतूर आणि शेवटी अजिंठा. वार जुळवताना लक्षात ठेवा, वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. देवगिरीवर बुटांनी छान साथ दिली. अंधारीतल्या, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारी वाटेतल्या, झिजलेल्या पायऱ्यांवर एकदाही पाय सरकला नाही. माप एक नंबर मोठं घेतलं होतं तेही बरं झालं, कारण उन्हात दिवसभर चाललं की पाऊल सुजतं. नणंदबाईंनी सकाळच्या वेळी मापाचे घेतले होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं. बूट संध्याकाळीच घ्यावेत.

अंतूरच्या माथ्यावर गवत गुडघ्याएवढं, वाळून पिवळं झालेलं. दहा मिनिटांत दोन्ही बुटांच्या जाळीत कुसळंच कुसळं. अर्ध्या तासात ती मोज्यातून आत आली आणि पावलावर, बोटांच्या बेचक्यात टोचायला लागली. मी तलावाकाठी बसून बूट काढले. एका मोज्यातून चाळीस मोजली, मग मोजायची सोडली.

कुसळ जवळून बघा. टोक सुईसारखं. त्याच्या मागं बारीक केस, सगळे मागे वळलेले, म्हणून ते पुढे सरकतं पण मागे येत नाही. मागची लांब शेपटी पीळ घातलेल्या दोरीसारखी असते. ओल लागली की पीळ उलगडतो आणि टोक फिरायला लागतं. घरी आल्यावर एक कुसळ ताटलीत ठेवून वर पाण्याचे दोन थेंब टाकले, तर डोळ्यांदेखत वळलं. गवताचं बी जमिनीत शिरावं म्हणून ही सोय. घामानं ओला झालेला मोजा म्हणजे त्याच्या लेखी ओली मातीच. काढायचं असेल तर मोजा उलटा करा, आत आलेलं टोक चिमट्यात धरा आणि त्याच दिशेनं ओढून घ्या. बाहेरून ओढलंत तर शेपटी हातात येते आणि टोक आत राहतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर एक मोजा वाचला असता.

कपड्यांचंही तेच झालं. पाठीवर पाणीच ३ लिटर, म्हणजे ३ किलो. त्यामुळे कपडे मोजकेच होते: दोन सुती कुडते, एक सलवार, एक ट्रॅकपँट, एक पॉलिस्टरचा टीशर्ट, मोज्यांचे तीन जोड, ओढणी, पंचा, स्लिपर. एवढं पाच दिवसांना पुरतं. सलवारीचा घेर कुसळानं इतका भरला की ती उभी राहील असं वाटलं. ट्रॅकपँट गुळगुळीत, दाट विणीची. तिच्यावरून कुसळ नुसतं घसरून जायचं. टीशर्ट मात्र दुसऱ्याच दिवशी वासानं नकोसा झाला. निघताना मी सूत नको म्हणत होते, ते मत बदललं. कोकणात सुती कपडा वाळत नाही हे खरं, पण आपली हवा कोरडी. कन्नडला रात्री पिळून दोरीवर टाकलेला कुडता पहाटे खडखडीत वाळलेला असायचा. आता माझं ठरलंय, वर सूत आणि खाली गुळगुळीत. वडील रानात धोतर वर खोचून, नुसत्या वहाणा घालून जातात. उघड्या पोटरीत कुसळ अडकायला काही नसतंच.

अजिंठ्याला आणखी एक गोष्ट कळली. चित्रांच्या लेण्यांत बूट बाहेर काढावे लागतात. १, २, १६, १७, दर ठिकाणी नाड्या सोडा, नाड्या बांधा. त्या दिवशी स्लिपर घालूनच निघायला हवं होतं.

आता सोलकडं येते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोचीकाका बसतात. त्यांनी बूट वाकवून बघितला आणि म्हणाले, "ताई, हा नुसता चिकटवलेला आहे, टाका एक नाही." आरीनं दोन्ही बूट चौफेर शिवून दिले. मी जाळीचं रडगाणं गायलं, तर त्यांनी पुढच्या भागावर रेक्झिनची पट्टीही शिवली. सगळ्याचे १५० रुपये. हे परीक्षण मी बुटांना दोन तारे देऊन संपवणार होते, पण शिवल्यानंतर दोन आठवडे वापरून बघितले आणि सांगायला हवं, पाय पूर्वीपेक्षा जास्त तापत नाही. जाळीनं लागणाऱ्या वाऱ्याचं एवढं कौतुक उगाच होतं. तापल्या डांबरावर पाय वाचवतो तो जाड सोल, आणि सोल यांचा खरंच जाड आहे. म्हणून तीन तारे. चौथा जाळीपायी कापला, आणि तो मी देणार नाही.

घोट्याच्या वर मात्र उघडंच राहत होतं. घरात काडी मोडलेली जुनी छत्री पडून होती. तिचं कापड दाट आणि गुळगुळीत. शिंप्याकडून घोट्यापासून पोटरीपर्यंतची दोन खोळी शिवून घेतल्या, वरखाली इलॅस्टिक, चाळीस रुपये. परवा शेतात बांधाच्या वाळल्या गवतातून मुद्दाम फेरी मारून आले. मोज्यात एक कुसळ नाही. वडिलांनी खोळ ओढून बघितली आणि छत्री कुठली ते विचारलं.

छत्रीला आठ पाकळ्या असतात, माझ्या खोळींना चार लागल्या. उरलेल्या चार नणंदबाईंसाठी घडी करून ठेवल्यात. दिवाळीनंतर कंधार आणि उदगीरचे किल्ले करायचं ठरतंय.