बॅटरी की वेळेवर मेसेज: फोनची कंपनी बदलण्याआधी

वीस हजारांच्या आसपास नवा फोन घ्यायचाय आणि या वेळी कंपनीच बदलावी का, असा विचार चालू असेल, तर त्या माणसासाठी हे लिहितोय. मी दोन्हीकडे राहिलोय. आधी बरीच वर्षं एकाच कंपनीचे फोन वापरले, मग कंपनी बदलली आणि नव्या हँडसेटवर पावसाळा, गणपती, दिवाळी सगळं काढून झालं. प्रोसेसर, रॅम, मेगापिक्सेल यांत शिरत नाही, ते खोक्यावर छापलेलं असतं. दोन्ही फोन अँड्रॉइडच, किमतीतही फार फरक नाही.

कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. मॉडेलं सारखी बदलत असतात आणि माझा अनुभव एका माणसाचा आहे. पण सॉफ्टवेअरची ठेवण कंपनीगणिक ठरलेली असते आणि ती कशी ओळखायची ते शेवटी सांगतो.

माझं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लहानसं मशीन शॉप आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावकडच्या फौंड्रींमधून बिडाचं (कास्ट आयर्नचं) कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, येतं, आम्ही लेथवर टर्निंग-बोअरिंग करून, म्हणजे बाहेरून कातून आणि आतलं भोक मापात करून देतो. ड्रॉइंग, चलानचा फोटो, टेम्पो निघाला की नाही, पैसे कधी सोडताय, सगळा कारभार व्हॉट्सॲपवर चालतो. त्यामुळे माझ्या तुलनेला ही बाजू आहे, हे आधीच लक्षात घ्या. फोनवर मुख्यतः पिक्चर बघणाऱ्याचं गणित वेगळं येईल.

आधी जुन्याचं चांगलं. बॅटरीत त्याला तोड नव्हती. सकाळी शॉप उघडताना पूर्ण भरलेला फोन रात्री घरी जाईपर्यंत निम्म्याच्या आसपास असायचा. चार्जर खोक्यातच मिळाला आणि चहा संपेपर्यंत फोन भरलेला दिसायचा. स्पीकर असा खणखणीत की लेथ चालू असतानाही रिंग ऐकू यायची. सेटिंग्जमध्ये हवं ते बदलता यायचं. फाइल मॅनेजर उघडला तरी जाहिरात आणि लॉक स्क्रीनवर कुठल्या तरी बातम्या, हा त्रास होता; पण त्या बंद करता येतात आणि माणूस सरावतो. तेवढ्यासाठी मी कंपनी बदलली नसती.

बदलली ती मेसेज उशिरा येतात म्हणून.

सकाळी एका पार्टीचा लॉट मशीनवर चढवला होता. ड्रॉइंगप्रमाणे बोअर, म्हणजे आतलं भोक, ४२ मिलिमीटर. मधे मी फोन उचलून बघितलाही, लॉक स्क्रीन रिकामी. जेवायच्या सुट्टीत दुसऱ्याच कामासाठी व्हॉट्सॲप उघडलं आणि एकदम धडाधड मेसेज पडले: सुधारित ड्रॉइंग, बोअर ४१.५, 'जुनं कॅन्सल', खाली व्हॉट्सॲप कॉल येऊन गेल्याची नोंद. मेसेजवरची वेळ सकाळची. बोअर लहान असेल तर वाढवता येतं, मोठं झालेलं परत लहान होत नाही. आत बुश (धातूची नळी) मारून माप कमी करून देतो म्हटलं तर पार्टी तयार नाही. तेवढे नग भंगारात गेले आणि कास्टिंगचे पैसे आमच्या बिलातून वजा झाले. पार्टीकडच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "अहो, सकाळीच टाकलंय की! एकच टिक दिसत होती, म्हटलं तुमचा फोन बंद असेल." इंटरनेट चालू, फोन चालू, खिशात माझ्याजवळ, आणि पलीकडे एकच टिक.

तोवर मी रेंजला दोष देत होतो. उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये रेंज जाते, हे खरंच आहे. पण घरी वायफायवर फोन ठेवून बघितलं तरी तेच. थोडा वेळ हात लावला नाही की फोन गप्प. हातात घेऊन ॲप उघडलं की साचलेलं सगळं खाली येतं.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण फोन निवडताना तेच उपयोगी पडतं. अँड्रॉइडमध्ये २०१५च्या ६.० आवृत्तीपासून 'डोझ' नावाची सोय आहे. फोन नुसता पडून असला की ॲप्सची पाठीमागची कामं थांबवायची आणि ठरावीक अंतराने थोडा वेळ मोकळीक द्यायची. मेसेजसाठी मात्र गूगलची एक सामाईक वाट आहे. तातडीचा मेसेज त्या वाटेने डोझमध्येही पोचतो. म्हणजे मुळात व्यवस्था नीट आहे. काही कंपन्या त्यावर स्वतःचा आणखी एक बॅटरीचा पहारा बसवतात. तो पहारा ॲपला नुसतं झोपवत नाही, कधी कधी पार बंद करून टाकतो. आणि ॲप 'फोर्स स्टॉप' झालं की तुम्ही ते हाताने उघडेपर्यंत त्याला मेसेज पोचत नाही, हा अँड्रॉइडचाच नियम. दिवस संपताना बॅटरी एवढी शिल्लक राहायची, त्यातला काही हिस्सा असा माझ्या मेसेजांच्या जिवावर वाचत असणार, असं मला वाटतं. मोजमाप माझ्याकडे नाही.

यावर उपाय आहेत आणि मी ते सगळे केले. व्हॉट्सॲपला 'ऑटोस्टार्ट', म्हणजे आपोआप सुरू व्हायची परवानगी, दिलं. बॅटरीत जाऊन 'नो रिस्ट्रिक्शन्स' केलं. रिसेंटमध्ये, म्हणजे नुकत्या उघडलेल्या ॲप्सच्या यादीत, ॲपला कुलूप लावलं, म्हणजे सगळी ॲप्स झाडून टाकली तरी ते राहतं. फरक पडला. काही आठवडे मेसेज वेळेवर आले आणि मला वाटलं, आता कशाला बदलायचा फोन. मग अपडेट आलं आणि मागचे दिवस परत आले. आत जाऊन बघितलं तर परवानग्या पुन्हा मूळपदावर. पुन्हा लावल्या. पुढच्या अपडेटला तेच. त्यानंतर मन उडालं ते उडालंच. प्रत्येक अपडेटनंतर आपणच पाठीमागे लागायचं आणि चुकून राहिलं तर ते नुकसान झाल्यावरच कळायचं, हे धंद्यात परवडत नाही.

पावसाळ्यात तर हा प्रश्न घरापर्यंत येतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ असतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, अमुक रस्त्यावर पाणी आलं, अशा बातम्या गल्लीच्या ग्रुपवर सगळ्यात आधी येतात. २०१९ आणि २०२१चे महापूर ज्यांनी पाहिलेत, त्यांच्या घरात रात्री फोन उशाशी असतो. सरकारी इशाऱ्याचा मोठा आवाज करणारा संदेश टॉवरवरून थेट येतो, त्याला ॲप लागत नाही. पण शेजारचा जो सांगतो की "गाड्या वर घ्या, पाणी कोपऱ्यापर्यंत आलंय," तो व्हॉट्सॲपवरच सांगतो. तो मेसेज पहाटे उठून ॲप उघडल्यावर मिळाला तर काय उपयोग?

आता नवा फोन. याचं सॉफ्टवेअर साधं, गूगलने दिलं त्याच्या बरंचसं जवळचं. घेतल्यापासून मी बॅटरीच्या सेटिंगला हात लावलेला नाही. मेसेज आला की येतो. टेबलावर पालथा पडलेला असला तरी थरथरतो. मधे अपडेट येऊन गेलं, काही बिघडलं नाही. एवढ्या साध्या गोष्टीचं काय कौतुक, असं ज्याला वाटेल, त्याला हा त्रास झालेला नाही.

पण काही गोष्टी सोडाव्या लागल्या, त्याही सांगायला हव्यात. बॅटरी संध्याकाळी शेवटाला येते. सकाळपासून फोनवरच असलेल्या दिवशी चारच्या सुमाराला थोडी चार्ज करावी लागते. खोक्यात चार्जर नव्हता. घरातला जुना जलद चार्जर आहे की, असं म्हणून तो लावला तर तासन् तास लागले. जुन्या कंपनीची जलद चार्जिंगची पद्धत तिच्याच फोनशी जुळलेली असते, परक्या फोनला तो साध्या वेगानेच करंट देतो. यूएसबी पीडी (वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनला चालणारी जलद चार्जिंगची पद्धत) लिहिलेला वेगळा चार्जर आणावा लागला, तेव्हा तो खर्च हिशेबात धरा. स्पीकरचा आवाज कमी आहे. शॉपमध्ये रिंग ऐकू येत नाही, म्हणून फोन वरच्या खिशात ठेवतो आणि थरथर वाढवून ठेवलीय. रेट ठरवताना कॉल रेकॉर्ड करायची सवय असेल तर हेही बघा: ज्या फोनमध्ये गूगलचं डायलर (कॉल लावायचं ॲप) असतं, त्यात रेकॉर्डिंग सुरू केलं की तशी सूचना दोन्हीकडे ऐकू जाते.

कॅमेऱ्यात मला नवा आवडला, पण कारण बहुतेकांच्या कामाचं नाही. कास्टिंगमध्ये ब्लो-होल (ओतताना हवेने राहिलेलं छिद्र) निघालं की फोटो काढून फौंड्रीला पाठवावा लागतो. जुना फोन फोटो इतका गुळगुळीत करायचा की बारीक छिद्रं त्यात पुसली जायची आणि पलीकडचा म्हणायचा, यात तर काही दिसत नाही. नव्यात छिद्र छिद्रासारखं दिसतं. घरच्यांना मात्र जुन्यातले फोटो जास्त आवडायचे. चेहरे उजळ यायचे.

ज्यांचं काम बिडाचं आहे त्यांना एक सांगून ठेवतो, यात कंपनीचा काही संबंध नाही. स्पीकरच्या आत चुंबक असतं. बिडाची बारीक पूड जाळीवर जाऊन बसते, फुंकून निघत नाही आणि हळूहळू आवाज दबतो. कव्हर असं घ्या की जाळीवर झडप येईल. बसलेली पूड काढायला निळी चिकटपट्टी हलकेच दाबून उचलावी. टाचणी घालू नये.

कंपनी बदलताना सगळं जाईल, ही भीती आता धरू नका. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या गप्पा क्यूआर कोड स्कॅन करून थेट नव्या फोनवर नेता येतात, ड्राइव्हवर बॅकअप भरत बसावं लागत नाही. आता तो बॅकअप गूगलच्या १५ जीबीच्या मोफत जागेतच मोजला जातो, त्यामुळे थेट नेणं बरं. जुन्या फोनमधल्या 'ड्युअल ॲप'मुळे धंद्याचा आणि घरचा नंबर वेगळा ठेवत असाल, तर व्हॉट्सॲपनेच २०२३मध्ये अँड्रॉइडवर दोन खात्यांची सोय दिलीय. खरी अडचण यूपीआयची. नव्या हँडसेटवर नोंदणी पुन्हा होते, त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो, आणि पहिला दिवसभर मोठी रक्कम जात नाही. पगाराच्या दिवशी किंवा माल उचलायच्या दिवशी फोन बदलू नका. जुना हँडसेटही आठवडाभर विकू नका. बँकेचं एखादं ॲप हमखास राहून गेलेलं असतं.

विकताना जुन्यातला सगळा डेटा पुसून द्या, आणि उलट वापरलेला घेणार असाल तर पैसे देण्याआधी त्याचा आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, तपासा. इंग्रजीत केवायएम, मग एक जागा सोडून आयएमईआय नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की तो नंबर काळ्या यादीत आहे का ते कळतं. राजारामपुरीतल्या दुकानात उभ्या उभ्या होण्यासारखं काम आहे.

आमचे दाजी अजून त्या जुन्या कंपनीचाच फोन वापरतात आणि त्यांनी बदलावा असं मी कधी म्हणणार नाही. त्यांचा ऊस आहे, मोटरीची लाइट रात्रीची असते, फोन रात्रभर रानात बरोबर लागतो. त्यांना मेसेजपेक्षा कॉल महत्त्वाचा, आणि साधा कॉल कुठल्याही फोनवर येतोच, त्याला बॅटरीचा पहारा अडवत नाही. बॅटरी, आवाज आणि झटपट चार्जिंग, या तिन्हींत त्यांचा फोन माझ्यापेक्षा सरस आहे. ज्याचा दिवस असा जातो त्याने जुन्याच वाटेने जावं. पण ज्याची ऑर्डर, ड्रॉइंग, औषधाची चिठ्ठी, पोरांच्या शाळेची सूचना मेसेजवर येते, त्याने माझं ऐकावं, असं मला मनापासून वाटतं. बॅटरीला पॉवर बँक हा तोडगा आहे. न आलेल्या मेसेजला तोडगा नाही.

किती वर्षं चालणार, तेही विचारून घ्या. गूगलने पिक्सेल ८पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४पासून सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलंय. आपल्या किमतीच्या फोनला तेवढं मिळेलच असं नाही, पण आकडा कंपनीच्या संकेतस्थळावर लिहिलेला असतो. आणि सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे एवढ्यावर समाधान मानू नका. तिथे जाऊन विचारा की या मॉडेलचा डिस्प्ले इथे ठेवता का पुण्याहून मागवता. पुण्याहून म्हणाले तर तेवढे दिवस दुसऱ्या फोनची तयारी ठेवावी लागेल.

राहिलं फोनची ठेवण ओळखायचं. दुकानातला डेमो फोन हातात घ्या, सेटिंग्जमध्ये वर शोधायच्या जागी 'ऑटोस्टार्ट' लिहा. तशी यादी निघाली तर समजा वेगळा पहारा आहे, आणि घेतल्यावर प्रत्येक अपडेटनंतर ती यादी तपासायची तयारी ठेवा. त्याहून खात्रीचं म्हणजे ओळखीत कुणाकडे त्याच कंपनीचा फोन असेल तर त्याला सांगायचं, तासभर हात लावू नको. मग एक मेसेज टाकायचा आणि आपल्याकडे दोन टिक कधी येतात ते बघायचं.