ओआरएसची भुकटी: आखाजीच्या रात्री घेतलेली परीक्षा

ओआरएसच्या, म्हणजे जुलाब-उलट्यांत पाण्यात विरघळवून पाजायच्या मीठ-साखरेच्या भुकटीवर अभिप्राय लिहावा असे तिच्यात काय आहे, असे कोणालाही वाटेल. मलाही २०२५ च्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तसेच वाटत होते. चोपडा तालुक्यातील माहेरी सण आटोपून सगळे अंगणात खाटा टाकून पडलेले असताना माझ्या दहा महिन्यांच्या मुलाला रात्री नऊच्या सुमारास पहिली उलटी झाली आणि अकरा वाजेपर्यंत चार उलट्या व तीन पाण्यासारखे जुलाब होऊन त्याने माझ्या खांद्यावर मान टाकली. त्या रात्री आम्ही एकाच कामासाठी दोन वस्तू विकत आणल्या. त्यांतील एक निरुपयोगी ठरली, दुसरीने निभावून नेले, आणि ओआरएस हा शब्द दोन्हींवर सारखाच ठळक छापलेला होता.

पहिली वस्तू म्हणजे संत्र्याचे चित्र असलेला, नळी चिकटवलेला दोनशे मिलीचा कागदी डबा. भावाने दुकानात ‘बाळासाठी ओआरएस द्या’ एवढेच सांगितले आणि दुकानदाराने तो काढून दिला. बाळाने तो घटाघटा प्यायल्यामुळे आम्हांला हायसे वाटले, परंतु अर्ध्या तासात सगळे बाहेर आले आणि पुढचा जुलाब आधीपेक्षा पातळ झाला. फोनवर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “ताई, पाकिटातली पावडर आहे, की सरबताचा डबा?” अशा गोड पेयात साखर फार आणि मीठ कमी असते, ती जादा साखर शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते, त्यामुळे जुलाब वाढू शकतात, हे त्यांनी दोन वाक्यांत समजावले. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास मनाई केली. आमच्यासाठी ती पाच महिने उशिरा आली.

दुसरी वस्तू, म्हणजे या अभिप्रायाचा खरा विषय, एक लिटर पाण्यात विरघळवायची साधी भुकटी. मला ती वीस-बावीस रुपयांना मिळाली. आशाताईंकडे तीच मोफत मिळते, हे दुसऱ्या दिवशी कळले. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण येथे नावापेक्षा पाकिटाची मागची बाजू महत्त्वाची आहे. तेथे एक लिटरसाठी सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे प्रमाण असेल, तर वस्तू बरोबर आहे. स्वाद घातलेल्या पाकिटाचे वजन या बेरजेपेक्षा थोडे जास्त भरते, एवढेच. ग्लुकोज येथे चवीसाठी नाही. आतड्याच्या भिंतीतून ते मिठाला सोबत घेऊन आत जाते आणि मिठामागे पाणी जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट बंद पडत नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रुग्णांना तोंडाने असेच पाणी पाजून मृत्यूंचे प्रमाण कितीतरी खाली आणले होते.

या वस्तूची खरी अडचण पाजण्यात आहे. आजी उंबऱ्यात बसून म्हणत होती, “पोटमा पानी ऱ्हास नही, मंग पाजानं कशाले?” तिचा प्रश्न चुकीचा नव्हता, कारण वाटीभर पाजले असते तर ते राहिलेच नसते. डॉक्टरांनी बाळाचे वजन विचारले. आठ किलो म्हटल्यावर चार तासांत सहाशे मिली, म्हणजे किलोमागे पंचाहत्तर मिली, असा हिशेब सांगितला, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा अधिक सावकाश सुरू करायला सांगितले आणि अंगावरचे दूध अधूनमधून चालूच ठेवायला बजावले. औषधाच्या बाटलीसोबत आलेला पाच मिलीचा चमचा घेतला, तर दर दोन मिनिटांनी एक याप्रमाणे हे बरोबर एकशेवीस चमचे होतात. भाऊ मोबाइलचे घड्याळ धरून बसला, आई कागदावर रेघा ओढत गेली आणि मी पाजत राहिले. चव किंचित खारट असल्याने पहिल्या दहा चमच्यांना बाळाने तोंड वेंगाडले, एक उलटीही केली. चाळीसच्या पुढे तो स्वतःच चमच्याकडे मान वळवू लागला. पहाटे तीन वाजता तो मोठ्याने रडला आणि गालांवर पाणी ओघळले. तोवरचे त्याचे रडणे कोरडे होते, हे मला तेव्हा जाणवले. चार वाजता लंगोट ओला झाला, तेव्हा आजीनेच तो उचलून सगळ्यांना दाखवला.

घरात मागच्या वेळचे उलटी थांबवायच्या औषधाचे उरलेले थेंब होते आणि ते देण्याचा मोह झाला होता. डॉक्टरांनी साफ नकार दिला. सकाळी चोपड्याला नेल्यावर त्यांनी तपासून चौदा दिवसांचे झिंक दिले. मात्र भुकटी सर्वच प्रसंगी पुरेल असे समजू नये. उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, बाळ हलवूनही नीट जागे होत नसेल, टाळू व डोळे खोल गेले असतील, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, तर घरी चमचे मोजत न बसता दवाखाना गाठावा. सहा महिन्यांखालील बाळाला अंगावर पाजत राहून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

तक्रार आहे ती पाकिटाच्या मापाची. एवढ्या लहान बाळासाठी एक लिटर एकदम करावे लागते आणि चोवीस तासांनंतर उरलेले ओतून द्यावे लागते; अर्धी भुकटी अंदाजाने घातली, तर मिठाचे प्रमाण बिघडते आणि ते बाळाला घातक ठरू शकते. आमच्या घरात तांब्या होता, पेले होते, पण लिटरचे माप नव्हते. शेवटी पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली धुऊन, उकळून गार केलेले पाणी त्या बाटलीने मोजून घेतले. दोनशे मिलीची लहान पाकिटेही मिळतात, ती बाळासाठी अधिक सोयीची आहेत, परंतु आमच्या गावच्या दुकानात ती नव्हती. आता जळगावहून येताना चार घेऊन ठेवते आणि त्यांच्यासोबत तो पाच मिलीचा चमचाही रबर लावून बांधलेला असतो.