पाणथळाकाठची भाड्याची सायकल: सीट सोडून बाकी ठीक

नाशिकचा सायकलवाला चढावर जीव टाकतो. कसारा, सापुतारा, गेला बाजार त्र्यंबककडचा चढ, त्याशिवाय त्याचा रविवार सुरू होत नाही. २०१५ मध्ये आपल्या महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका आरपार ओलांडायची सायकल शर्यत 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, भारतीय संघाने ती पहिल्यांदाच केली, तेव्हापासून तर सपाटीवर चालवणाऱ्याला आमच्या ग्रुपमध्ये कोणी हिशेबातच धरत नाही. मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस, गुडघे कुरकुरणारे. त्यामुळे निफाडजवळच्या नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळाकाठी एक पोरगा हिवाळ्यात सायकली भाड्याने देतो हे कळल्यावर मी हिला घेऊन गेलो. पोराचं नाव इथे देत नाही, त्यानेच नको म्हणून सांगितलं. शेती सांभाळून करतो, फार गर्दी त्याला झेपणार नाही. तिकडे पक्षी दाखवणाऱ्या कोणालाही विचारा, घर दाखवतील.

आधी रस्त्याचं सांगतो, कारण पैसे खरे तर त्याचेच आहेत. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा बांधला. दोन्ही नद्या गाळ आणत राहिल्या, तो बंधाऱ्यामागे साचत गेला आणि खोल जलाशयाच्या जागी उथळ डबकी, बेटं, पाणवनस्पती असा पसारा तयार झाला. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. याच बंधाऱ्यावरून गोदावरीचे डावा आणि उजवा कालवा निघतात, ते पार कोपरगाव-राहात्याकडे जातात. कालव्यातलं पाणी स्वतःच्या वजनाने वाहतं, पंप नसतो, म्हणून त्याला उतार दिलेला असतो तो किलोमीटरमागे काही सेंटिमीटरच. त्याच्या कडेने जाणारा रस्ता सपाट असणारच. कुठे जुनं डांबर, कुठे दाबलेला मुरूम. अधूनमधून गवताचा भारा घेतलेली एखादी मोटारसायकल सोडली तर वाहन नाही. आडगाव नाक्यावरून रोज जाणाऱ्या माणसाला ही शांतता पहिली दहा मिनिटं खोटीच वाटते.

आता सायकली. द्राक्षबागेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने हायब्रीड सायकली ओळीने लावल्या आहेत. सरळ हँडल, पुढे एक चक्र, मागे सात गिअरचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच. अर्ध्या दिवसाचं भाडं साडेतीनशे, सोबत तो स्वतः आला तर सहाशे. आधार कार्डाची झेरॉक्स ठेवून घेतो.

सवयीने मी आधी चाक उचलून फिरवलं. आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढलेला होता, आरे सगळे सारखे ताणलेले, हबमध्ये खरखर नाही. चेनला तेल होतं आणि ते पुसलेलंही होतं. तेल सगळेच घालतात, पुसतो कोण? टायर अडतीस मिलिमीटरचे, आणि आत त्याने जुन्या टायरच्या पट्ट्यांचा गेटर, म्हणजे काटा अडवणारं अस्तर, घातलाय. कालव्याच्या कडेला वेड्या बाभळी आहेत, काटा सरळ ट्यूबपर्यंत जातो, तिथे गेटरशिवाय गत्यंतर नाही. चाक थोडं जड होतं, पण आम्ही पंक्चरविना परत आलो. हवा मात्र त्याने ठणठणीत भरून ठेवली होती. मुरुमावर एवढ्या हवेने मनगटं हादरतात. मी निम्म्याच्या जरा वर ठेवून बाकीची सोडली तर म्हणाला, "काका, रिमला लागेल." म्हटलं, "अरे, तू वजन माझं बघतोयस की बाबांच्या बैलगाडीचं?" हसला. परत आलो तेव्हा उरलेल्या सायकलींचीही हवा त्याने कमी केलेली दिसली.

ब्रेक चांगले पकडतात, पण हिच्या सायकलचा मागचा किंचाळत होता. शहरात ते चालून जातं. इथे पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला आणि काठावरच्या जांभळ्या पाणकोंबड्या वेलींत गडप. ब्रेकशूची पुढची कड रिमकडे केसभर झुकवली की आवाज जातो. पाना मागून घेतला आणि तिथेच उकिडवा बसून तेवढं केलं. पक्ष्यांसाठी सायकली ठेवणाऱ्याने ही गोष्ट दर आठवड्याला बघायला हवी, असं त्याला सांगून आलोय.

सगळ्यात मोठी तक्रार सीटची. जेलची रुंद सीट आहे, शेडमध्ये बसून बघितली की सोफ्यासारखी. पण सपाटीचं गणित वेगळं असतं, आणि घाटवाल्यांना ते कळत नाही. घाटात माणूस चढावर उभा राहतो, उतारावर पाय थांबवतो, बूड आणि तळहात दोन्ही सुटे होतात. इथे उतारच नाही, त्यामुळे फ्रीव्हीलची कटकट ऐकायलाच येत नाही. पायडल थांबलं की सायकल थांबते. तासभर एकाच जागी, एकाच कोनात दाब. मऊ सीट खाली दबते आणि नेमक्या नको त्या ठिकाणी वर येते. ही रोज योगासनं करणारी, तरी तासाभराने म्हणाली, "मी चालते, तुम्ही घेऊन या सायकल." कडक, अरुंद सीटवर पहिली पंधरा मिनिटं वाईट जातात, पुढचे दोन तास बरे. सरळ हँडलचंही तेच, हात धरायला दुसरी जागाच नाही. टोकांना बैलाच्या शिंगांसारखे बारएंड लावले तर शंभर-दोनशेत काम होईल.

आणि वारा. थंडीत सकाळी बहुधा पूर्वेचा असतो आणि पाण्यावरून येताना त्याला अडवायला झाड नाही, टेकडी नाही. ताठ बसलेल्या माणसाची छाती शिडासारखी तो अडवते. इथे मागच्या फ्रीव्हीलची निवड चुकलीय. अठ्ठावीस दातांचं, चढासाठीचं मोठं चक्र या रस्त्यावर कोणी वापरणार नाही. उलट मधल्या गिअरांत एकदम तीन-चार दातांची उडी आहे, त्यामुळे एकावर पाय भिरभिरतात आणि दुसऱ्यावर मांड्या भरून येतात. सपाटीला जवळजवळच्या दातांचं फ्रीव्हील हवं. त्याला सांगितलं, त्याने वहीत लिहून घेतलं. बघू.

मुलीकडे इंग्लंडात केंटला गेलो होतो तेव्हा तिथल्या रॉम्नी मार्शवर भाड्याची सायकल चालवली होती. तीही पाणथळच, पण समुद्राकाठची. भरतीच्या पातळीखालची जमीन, समुद्र बाहेर ठेवायला डिमचर्चला लांबलचक भिंत घातलेली, आत सगळीकडे पाण्याचे चर आणि मेंढ्या. रस्ता चरांच्या कडेने वळत जातो, सरळ जातच नाही, गाड्या फार क्वचित. आपल्याकडे भिंत पाणी आत ठेवायला, त्यांच्याकडे बाहेर ठेवायला, पण वाऱ्याने दोन्हीकडे सारखंच झोडपलं. फरक दुकानात होता. तिथल्या बाईने सायकल देण्याआधी मला उभं करून सीटची उंची लावली, दोनदा चालवून बघायला लावलं. आपला पोरगा "घ्या काका, बसेल" म्हणून मोकळा. सीट बोटभर खाली असली तर सपाटीवर गुडघ्याला ती भोवतेच, कारण पाय एकदाही थांबत नाही. टाच पायडलवर ठेवून पाय सरळ होतो का बघा, एवढं तरी प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगायला हवं.

सोबत त्याला घ्यावं का? घ्यावंच. अडीचशे रुपये जास्त जातात, पण थापट्या आणि तलवार बदकातला फरक त्याने चालत्या सायकलवरून दाखवला. चोच फावड्यासारखी तो थापट्या, शेपटीची टोकं लांब तो तलवार. चित्रबलाक दिसले, शेकाटे दिसले, पाण्यावर खालून घिरट्या घालणारा दलदली भोवत्या त्याने माझ्या आधी हेरला. त्याचं एक निरीक्षण मला पटलं. सायकल चालत असेपर्यंत बदकं बघत बसतात, पाय जमिनीला टेकला की उडतात. म्हणून थांबायचं तर झुडपाआड, नाहीतर हळू चालवत राहायचं. रोहित (फ्लेमिंगो) आम्हाला दिसले नाहीत, ते त्याच्या हातात नाही, आणि त्याने तशी थापही मारली नाही.

परत आल्यावर त्याच्या आईने बाजरीची भाकरी, भरीत आणि ठेचा दिला, त्याचे वेगळे शंभर. ठेचा निफाडच्या थंडीला साजेसा. चहा गोड, फारच गोड.

नाशिकहून सायकलनेच जायचा विचार असेल तर चांदोरीकडून निफाडला जाणारा मोठा रस्ता मी कोणाला सुचवणार नाही. उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या असतात आणि मागचीला दिवा नसतो. सायकल नसली तरी चालतं, गाडी करून या. पहाटे निघणार असाल तर हातमोजे घ्या, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती खाली जातो ते दर थंडीत पेपरात येतंच, बोटं ब्रेकवर वळत नाहीत. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी बरा काळ. मार्चपासून दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो, परतीला तोंडावर येतो.

शेडमध्ये फोनला रेंज नाही, त्याचा नंबर मिळाला तर आदल्या रात्री मेसेज टाकून ठेवा. उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर तेही लिहा, तशा छोट्या फ्रेमच्या दोनच सायकली त्याच्याकडे आहेत आणि रविवारी त्या आधी जातात.