एनबीए लीग पास: परदेशी खेळाडू नीट पाहायचे असतील तर

२०१९ ते २०२५ या सात हंगामांत एनबीएचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सर्वोत्तम खेळाडू (एमव्हीपी) दरवेळी अमेरिकेबाहेर जन्मलेला निघाला: यानिस अँटेटोकुंपो, निकोला योकिच, जोएल एम्बीड, शे गिल्जस-अलेक्झांडर. २०२४-२५ च्या सुरुवातीला तर ४३ देशांचे १२५ परदेशी खेळाडू संघांमध्ये होते. भारतात बसून यांचा खेळ रोज पाहायचा तर लीग पास, म्हणजे ॲपवर सामने दाखवणारी एनबीएची सशुल्क सेवा, घ्यावा. पैसे वसूल होतात, मात्र तो वापरायची पद्धत जमली पाहिजे.

मोह होतो तो सुमारे दहा मिनिटांच्या संक्षिप्त सामन्याचा. त्यात योकिचची बास्केट दिसते, पास दिसतो. त्याआधी त्याने स्क्रीन (सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवणे) कुठे लावली, चेंडू हातात नसताना कुठे सरकला, हे सगळे कापलेले असते. आणि युरोपातून आलेल्या खेळाडूची खरी परीक्षा तिथेच असते. युरोपात चालणाऱ्या फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियमांत बचाव करणारा उंच खेळाडू रिमखाली, म्हणजे बास्केटच्या कड्याखाली, ठाण मांडून बसू शकतो. एनबीएत तो कोणाला जवळून अडवत नसेल, तर तीन सेकंदांत पेंटबाहेर (बास्केटसमोरच्या आयताबाहेर) पडावे लागते, नाहीतर टेक्निकल फाउलचा दंड. फिबात रिमला लागून वर घुटमळणारा चेंडू हाताने उडवता येतो. एनबीएत असा स्पर्श नियमबाह्य, म्हणजे गोलटेंडिंग, ठरतो. तीन गुणांची रेषा ६.७५ वरून ७.२४ मीटरवर जाते (कोपऱ्यांत कमी), क्वार्टर १० ऐवजी १२ मिनिटांचा होतो. नवा खेळाडू आला की त्याचे पहिले काही सामने पूर्णच पाहा. तेवढा वेळ नसेल तर निदान पहिला आणि चौथा क्वार्टर.

यजमान की पाहुणा, कोणाचे प्रसारण हेही निवडता येते. खेळाडूच्या स्वतःच्या संघाचे घ्या. ते समालोचक त्याला हंगामभर पाहतात, त्यामुळे त्याची भूमिका कधी बदलली हे त्यांना पटकन कळते.

हिवाळ्यात न्यूयॉर्कचा संध्याकाळी साडेसातचा सामना आपल्याकडे सकाळी ६ ला लागतो. फ्रेंच खेळाडू विक्टर वेम्बन्यामाच्या सॅन अँटोनियोचा सातचा ६.३० ला, लॉस एंजेलिसचा साडेसातचा ९ ला. मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळे पुढे गेली की सगळे तासभर अलीकडे येते. रात्री घरी येऊन पाहणाऱ्यांनी ॲपमधले ‘हाइड स्कोअर्स’ (गुण लपवणे) चालू करावे. तेवढ्याने भागत नाही: फोनवरच्या सूचनाही बंद करा आणि ॲपच्या पहिल्या पानावर न थांबता थेट सामन्यांच्या यादीत जा. मथळ्यांतच निकाल फुटतो.

मोठी उणीव वेगळीच आहे. खेळाडू एनबीएत येण्याआधी कसा घडला, ते इथे जवळजवळ दिसत नाही. २०१४ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याची फेरी) ४१ व्या क्रमांकावर निवड झाल्यावरही योकिच आणखी वर्षभर सर्बियात खेळला. असा काळ लीग पासच्या कक्षेत येत नाही. २०२२-२३ मध्ये वेम्बन्यामाचे फ्रेंच लीगमधले सामने एनबीए ॲपवर दाखवले, तो अपवाद. युरोलीगसाठी (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा) वेगळी सोय करावी लागते.

एकाच खेळाडूसाठी फक्त त्याच्या संघाचा पास घेणे स्वस्त वाटते, पण जपून. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्लोव्हेनियाचा लुका डॉनचिच डॅलसहून लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला, ऐन हंगामात. डॅलसचा पास घेतलेल्याला लेकर्सचे सामने कुठून दिसणार? पूर्ण पास महिन्याच्या हिशेबाने घेतलेला बरा, आणि घेतल्याबरोबर ऑटो-रिन्यूअल (आपोआप होणारे नूतनीकरण) बंद करा.