मिड्ससाठी कोणते पेडल घ्यावे: सात स्लायडरांचे, फिरत्या मिडचे की ओव्हरड्राइव्हचे?

घरी खोलीत सुरेख वाटणारा गिटारचा आवाज मंडपात गेल्यावर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या मागे कुठे तरी हरवतो, ही नागपुरातल्या ऑर्केस्ट्रांमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे, आणि तिच्यावर पहिला उपाय म्हणून बहुतेक जण व्हॉल्यूम वाढवतात. व्हॉल्यूम वाढला की गायक मागे वळून पाहतो, साउंडवाला मिक्सरवरचा फेडर तेवढाच खाली आणतो आणि गिटार होती तिथेच परत येते. दोष बहुधा आवाजाच्या पातळीत नसतो, मिडरेंजमध्ये, म्हणजे मधल्या स्वरांत (मिड्समध्ये) असतो. आणि हे एकदा पटले की प्रश्न उरतो तो मिड्स हाताळण्यासाठी कोणते पेडल (गिटार आणि ॲम्पच्या मध्ये जोडायची, पायाने चालू-बंद होणारी डबी) घ्यावे याचा. बॉसच्या जीई-७ सारखा अनेक स्लायडरांचा ग्राफिक ईक्वलायझर (स्वरांचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणारे पेडल), एकाच मिड-बँडची, म्हणजे मधल्या स्वरांच्या पट्ट्याची, जागा नॉबने सरकवता येईल असे स्वीपचे पेडल, किंवा ट्यूब स्क्रीमरच्या जातीचा, मुळातच मिड्स पुढे आणणारा ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाटका करणारे पेडल), असे तीन मार्ग समोर असतात. ज्याचा कार्यक्रम आज डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात, उद्या रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात आणि परवा एखाद्या गणेश मंडळाच्या पत्र्याच्या मांडवात असतो, अशा वादकाला डोळ्यासमोर ठेवून येथे या तिघांची तुलना केली आहे.

मिड्स हरवतात कशा, हे आधी पाहणे आवश्यक आहे, कारण निवड त्यावरच अवलंबून आहे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने कमी ऐकू येतात, आणि आवाज मोठा होत गेला की हा फरक कमी होतो. घरी शेजारी झोपले असताना हळू आवाजात सेटिंग करणारा वादक नकळत बेस आणि ट्रेबल वाढवतो, मिड्स खाली ठेवतो आणि खूश होतो. तेच सेटिंग स्टेजवर मोठ्या आवाजात गेले की बेस बेस-गिटारवाल्याच्या अंगावर जातो, ट्रेबल झांजांमध्ये मिसळतो आणि स्वतः गिटारसाठी जागाच उरत नाही. सहाव्या तारेचा मोकळा स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा, पहिल्या तारेचा ३३० हर्ट्झचा आणि त्याच तारेच्या बाविसाव्या फ्रेटवरचा स्वर सुमारे ११७५ हर्ट्झचा असतो. म्हणजे गिटारचे सगळे मूळ स्वर १२०० हर्ट्झच्या आतच आहेत. त्यापलीकडे आहेत त्या उपस्वरांच्या लहरी, ज्या आवाजाला धार देतात. ॲम्पही यात भर घालतो: फेंडर पद्धतीच्या टोन सर्किटमध्ये ४००–५०० हर्ट्झच्या आसपास मुळातच खळगा असतो, आणि बिग मफसारख्या फझमध्ये (आवाज जाड आणि फाटका करणाऱ्या पेडलमध्ये) तो १००० हर्ट्झच्या जवळ असतो.

ग्राफिक ईक्वलायझरपासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक लोकांच्या पेडलबोर्डावर तोच दिसतो. १९८१ पासून बाजारात असलेल्या जीई-७ मध्ये १००, २००, ४००, ८००, १६००, ३२०० आणि ६४०० हर्ट्झ असे सात बँड आहेत; प्रत्येक बँड १५ डेसिबलपर्यंत वर किंवा खाली करता येतो आणि एकूण पातळीसाठी आठवा स्लायडर आहे. १५ डेसिबल म्हणजे सिग्नलचा दाब साडेपाच पटींहून अधिक, त्यामुळे हे लहानसे पेडल बिघडवण्याच्या बाबतीतही तितकेच समर्थ आहे. याची खरी ताकद ही की एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी काम करता येते: पत्र्याच्या मांडवात घुमणारा २०० चा स्लायडर चार डेसिबल खाली, ८०० चा चार वर, आणि ३२०० जरा उतरवून गायिकेच्या शब्दांसाठी वाट मोकळी. शब्दांमधली व्यंजने स्पष्ट ऐकू येतात ती मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि तिथे गिटार घुसवली की गाणे ऐकायला आलेला माणूस गिटारवाल्यालाच नावे ठेवतो. शिवाय स्लायडरांची रेषा पाहताच सेटिंग कळते, हा नवशिक्यासाठी मोठा आधार आहे.

ग्राफिकची अडचण त्याच्या ठरलेल्या जागांमध्ये आहे. ८०० आणि १६०० यांच्यामध्ये पूर्ण एका सप्तकाचे अंतर आहे, आणि आपल्या गिटारला नेमके ११०० हर्ट्झवर उचलणे गरजेचे असेल तर दोन्ही स्लायडर अर्धे-अर्धे वर करून काम भागवावे लागते, ज्यात नको असलेला बराच भागही सोबत उचलला जातो. दुसरी अडचण सुरसुर आवाजाची; वरचे बँड वाढवले की ती लगेच जाणवते, विशेषतः हे पेडल डिस्टॉर्शनच्या (आवाज फाडणाऱ्या पेडलच्या) आधी जोडलेले असेल तेव्हा. आणि तिसरी अडचण आपल्याकडची आहे: स्लायडरांच्या फटी वरून उघड्या असतात, उन्हाळ्यात नागपूरची धूळ त्यात जाऊन बसते आणि सरकवताना खरखर सुरू होते. कॉन्टॅक्ट क्लीनरने ती जाते, पण पेडल कापडात गुंडाळून नेण्याची सवय त्याहून स्वस्त पडते; बॅगेत एखादा स्लायडर हलला आणि पहिल्याच गाण्यात गिटार टिनाच्या डब्यासारखी वाजली, असा प्रसंग माझ्यावर दोनदा आला आहे. एमएक्सआर कंपनीच्या सहा बँडच्या पेडलला तर पातळीचा स्वतंत्र स्लायडरच नाही, त्यामुळे मिड्स वाढवल्यावर एकूण आवाज किती वाढला हे दुसरीकडे कुठे तरी सांभाळावे लागते. त्यांच्याच दहा बँडच्या पेडलला तो आहे, पण त्याला ९ ऐवजी १८ व्होल्ट लागतात आणि मिडरेंज हाच हेतू असेल तर त्यातले ३१ आणि १६००० हर्ट्झचे स्लायडर गिटारवाल्यासाठी शोभेचे आहेत.

स्वीपचे पेडल वेगळ्या विचारातून आले आहे. बँडची जागा, रुंदी आणि उंची या तिन्ही गोष्टी वादकाच्या हातात देणाऱ्या पॅरामेट्रिक ईक्वलायझरची मांडणी ध्वनिअभियंता जॉर्ज मॅसनबर्ग यांनी १९७२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे केली, आणि बॉसने १९७७ मध्ये आपली पहिली तीन लहान पेडल आणली तेव्हा ओव्हरड्राइव्ह आणि फेजरच्या सोबत तिसरे होते ते स्पेक्ट्रम नावाचे, एकाच फिरत्या बँडचे. आज जेएचएस कंपनीच्या हॉन्टिंग मिड्ससारख्या पेडलमध्ये व्हॉल्यूम, मिड्स आणि स्वीप असे तीन नॉब असतात, आणि मुख्य काम त्यावरच चालते. वापरण्याची रीत सोपी आहे: मिड्सचा नॉब भरपूर वर करावा, एकच कॉर्ड वाजवत स्वीप हळूहळू फिरवावा, आणि ज्या ठिकाणी आवाज इतर वाद्यांमधून नेमका वर येतो तिथे थांबून मिड्स पुन्हा तीन-चार डेसिबलवर आणावेत. हीच रीत उलटीही चालते. जिथे आवाज सर्वांत ओंगळ वाटतो ती जागा शोधून तिथून मिड्स कमी करावेत. माझ्या अनुभवात ही दुसरी पद्धत अधिक वेळा कामी येते, पण नवीन पेडल घेतलेला माणूस काहीतरी कमी करायला सहसा तयार नसतो.

या पेडलची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. बँड एकच असल्यामुळे २५० वरची घुमघुम कमी करणे आणि ९०० वर उचल देणे ही दोन कामे एकत्र होत नाहीत. मात्र ज्यांची गिटार थेट मिक्सरला जाते त्यांच्यासाठी हा दोष वाटतो तितका मोठा नाही, कारण बहुतेक मिक्सरच्या प्रत्येक चॅनेलवर खालचे स्वर छाटणारे बटण असते; ते दाबायला साउंडवाल्याला आधीच सांगावे आणि आपण फक्त मिड सांभाळावा. दुसरे असे की नॉबवर आकडे छापलेले नसतील तर काल कुठे ठेवले होते हे आठवत नाही, म्हणून पांढऱ्या पेन्सिलीने खूण करणे गरजेचे आहे. पण हॉल बदलला, ॲम्प बदलला, हमबकर पिकअपची (जाड आवाजाची) गिटार सोडून सिंगल कॉइल पिकअपची (पातळ, धारदार आवाजाची) उचलली, की हेच पेडल दहा सेकंदांत नव्या जागी बसते, आणि तेवढ्या वेळात सात स्लायडरांची नवी रेषा जुळवणे मला तरी कधी जमलेले नाही.

तिसरा मार्ग, ट्यूब स्क्रीमरचा, अनेकांना तुलनेतच बसणार नाही असे वाटेल, पण प्रत्यक्षात मिड्ससाठी सर्वाधिक वापरले जाणारे पेडल तेच आहे. त्याच्या क्लिपिंगच्या, म्हणजे लहरींची टोके छाटून आवाज फाडण्याच्या, टप्प्यात ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची जोडी सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचे स्वर कमी वाढवते, पुढचे फिल्टर जवळपास त्याच जागेपासून वरचे स्वर उतरवू लागते, आणि या दोघांच्या मध्ये ती प्रसिद्ध टेकडी तयार होते. ज्याचा आवाज आधीच थोडा फाटू लागला आहे अशा ॲम्पच्या आधी हे पेडल उत्तम चालते: खालचे स्वर घट्ट होतात, सोलो पुढे येतो. मात्र टेकडीची जागा हलवता येत नाही, आणि आवाज पूर्ण स्वच्छ राहत नाही. ड्राइव्हचा नॉब शून्यावर असला तरी त्या टप्प्यात वरच्या स्वरांची सुमारे बारा पट वाढ होतच असते, त्यामुळे जोरात वाजवलेल्या हमबकरवर थोडी खरड येते. ज्याला स्वच्छ आवाजातही मिड्स हवेत, म्हणजे जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात भरीची वाक्ये वाजवणाऱ्याला, हा मार्ग पुरणार नाही. वाह पेडल (पायाने दाबून मिड्सची टेकडी सरकवणारे) अर्ध्यावर अडवून ठेवण्याची रॉक गिटारवादक मायकेल शेंकर यांची युक्ती याच कुळातली आहे, पण ती चवीपुरती.

यानंतर पेडल इतर पेडलांच्या आधी जोडावे की नंतर, हा जागेचा प्रश्न येतो, आणि तो पेडलच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. ईक्यू (ईक्वलायझर) डिस्टॉर्शनच्या आधी ठेवला तर वाढवलेले मिड्स आधी चिरडले जातात, त्यामुळे आवाजाचा पोत बदलतो पण मोठेपणा फारसा वाढत नाही. नंतर ठेवला तर पोत तसाच राहतो आणि आवाज खरोखर पुढे येतो. सोलोसाठी पेडल हवे असेल तर ते नंतर, किंवा ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये (ॲम्पमध्येच पेडल जोडण्यासाठी दिलेल्या, आवाज फाटण्याच्या टप्प्यानंतरच्या जागी) असावे. ॲम्प की थेट मिक्सर, यानेही गणित बदलते. बारा इंची गिटार स्पीकर ५००० हर्ट्झच्या पुढे वेगाने उतरतो, म्हणून ॲम्पवर जीई-७ चा ६४०० चा स्लायडर वर करून मुख्यतः सुरसुर मिळते. तीच गिटार स्पीकरची नक्कल न करता थेट मिक्सरला गेली तर डिस्टॉर्शनची झणझण पूर्णपणे लाउडस्पीकरमधून बाहेर पडते आणि तोच स्लायडर पूर्ण खाली आणणे उपकारक ठरते. मांडवातल्या जनरेटरच्या विजेवर येणारी गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर असते. ग्राफिकचा १०० चा स्लायडर ती थोडी दबवतो, अर्थात सहाव्या तारेचे अंगही सोबत जाते. स्वीपच्या पेडलकडे यावर काहीच उत्तर नाही. (समोरून धुमाल, म्हणजे मोठ्या आवाजात वाजणारी मिरवणुकीतली वाद्यपार्टी, निघाली असेल तर मात्र तिन्ही पेडल बंद करून चहा घ्यावा.)

तर निर्णय. ज्याच्याकडे आधीच मल्टी-इफेक्ट प्रोसेसर आहे त्याने महिनाभर काहीही विकत घेऊ नये, कारण बहुतेक प्रोसेसरमध्ये ग्राफिक आणि पॅरामेट्रिक दोन्ही ईक्यू असतात आणि आपला हात कशाकडे जातो हे तिथेच कळते. ज्याचा ॲम्प एकच, गिटार एकच आणि तालमीची खोलीही ठरलेली आहे, किंवा ज्याला घरी रेकॉर्डिंग करायचे आहे, त्याने ग्राफिक घ्यावा; एकदा नीट बसवलेली रेषा त्याला वर्षभर पुरते, आणि जुन्या बाजारात हे पेडल सहज मिळते व सहज विकलेही जाते. ज्याच्या ॲम्पचा आवाज स्वतःच थोडा फाटतो आणि ज्याला केवळ सोलोपुरती उचल हवी आहे, त्याने ट्यूब स्क्रीमरच्या जातीचे पेडल घेतल्यास वेगळ्या ईक्यूची गरज कदाचित पडणारच नाही. ज्याच्याकडे बिग मफ आहे त्याने स्वीपचे पेडल मफच्या नंतर १००० हर्ट्झजवळ लावून पाहावे. तो खळगा भरला की फझ इतर वाद्यांमध्ये ऐकू येऊ लागते. आणि ज्याचा हॉल दर आठवड्याला बदलतो त्या ऑर्केस्ट्रावाल्याला माझे मत स्वीपच्या पेडलच्या बाजूने आहे, जरी त्यातून दोन कामे एकदम होत नसली तरी.

दुकानात पेडल तपासताना एक दक्षता घ्यावी. चालू केल्यावर आवाज जरा जरी मोठा झाला तरी कानाला ते पेडल चांगलेच वाटते, म्हणून चालू आणि बंद या दोन्ही अवस्थांत पातळी सारखी करून मगच तुलना करावी. मोबाइलवर एखाद्या गाण्याची ड्रम, बेस आणि गायकासहितची ध्वनिफीत दुकानातल्या स्पीकरवर लावून तिच्यावर वाजवावे, आणि घरची गिटारच सोबत न्यावी, दुकानातली घेऊ नये. एकट्याने वाजवताना मिड्सचे सेटिंग थोडे नाकातून बोलल्यासारखे वाटले आणि ध्वनिफितीवर तेच बरोबर बसले, तर ते सेटिंग कागदावर लिहून घ्यावे.