वागळे इस्टेटमधील लघुउद्योगासाठी क्लाउडवरील टॅली : वापरानंतरचे मत

वागळे इस्टेटमधील आमच्या सुट्या भागांच्या कारखान्याचे हिशेब एकाच संगणकावरून हलवून भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दूरच्या संगणकावर, नेल्यापासून ठाण्याचे कार्यालय, तुर्भ्याचे गोदाम आणि आमचे सीए एकाच वेळी टॅली या हिशेबाच्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. गोदामातून माल निघाल्याची नोंद होताच इकडे शिल्लक साठा कमी झालेला दिसतो. पूर्वी हाच आकडा संध्याकाळी फोन करून विचारावा लागे. पावसाळ्यात वीज गेली तरी लॅपटॉप आणि मोबाइलच्या इंटरनेटवर बिले निघतात, ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

छपाईने मात्र मनस्ताप दिला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर चलनाची शेवटची ओळ, म्हणजे नेमकी सहीची जागा, पुढच्या कागदावर जात असे. सेवा देणाऱ्या कंपनीने कागदाचे माप जुळवून देण्यात अक्षम्य दिरंगाई केली.

शुल्क वापरकर्त्यागणिक दरमहा आहे, त्यामुळे एकाच जागेवरून चालणाऱ्या छोट्या दुकानाला ते जड वाटेल.

बॅकअपबाबत आधीच लेखी विचारावे. कंपनी कायद्याखालील नियमांत २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे कंपन्यांना बंधनकारक आहे, आणि प्रायव्हेट लिमिटेड असलेले लहान उद्योगही त्यात येतात. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटर उभी आहेत म्हणून आपला डेटा तिथेच असेल, असे गृहीत धरू नये. सेवा सोडताना संपूर्ण डेटा किती दिवसांत आणि कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे करारात लिहिलेले नसेल तर सही करू नये.